निळं हेल्मेट आणि संमती: शांतिसेना का आणि कशी बदलतेय

सोलापुरात दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला अक्षता पडतात. पण त्याआधी संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते. ती वाचून होईपर्यंत एवढ्या गर्दीत कुणी मुठीतली अक्षता सोडत नाही. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना समजून घ्यायची तर याच शब्दापासून सुरुवात करावी लागते. निळ्या हेल्मेटची ताकद बंदुकीत कधीच नव्हती, ती संमतीत होती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही संमती विरत गेली आणि शांतिसेनेकडे दहशतवाद्यांशी लढायचं काम आलं. त्यातून काय झालं, ते इथे पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही, एकही तुकडी नाही. सदस्य देशांनी करार करून सुरक्षा परिषदेच्या हाताशी सैन्य ठेवावं, अशी सोय सनदेच्या ४३व्या कलमात आहे, पण असा एकही करार आजवर झालेला नाही. ‘शांतिसेना’ हा शब्दच सनदेत नाही. सहाव्या प्रकरणात वाटाघाटी आणि मध्यस्थी आहे, सातव्यात बळाचा वापर. शांतिसेना या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. म्हणून त्यावेळचे महासचिव दाग हॅमरशोल्ड तिला ‘साडेसहावं प्रकरण’ म्हणायचे.

१९४८ साली पॅलेस्टाईनमध्ये फक्त निःशस्त्र निरीक्षक गेले होते. हत्यारी तुकड्या पहिल्यांदा गेल्या १९५६ मध्ये, सुएझच्या वादात. गर्दीत ओळखू यावं म्हणून त्यांना निळी हेल्मेटं मिळाली. तेव्हापासून तीन नियम चालत आले: भांडणाऱ्या पक्षांची संमती हवी, कुणाची बाजू घ्यायची नाही आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाचं रक्षण सोडून बळ वापरायचं नाही.

हे नियम शोभेचे नव्हते. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांना सांभाळायला भारतानं ‘कस्टोडियन फोर्स’ पाठवला. त्याचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. मग इंचॉन बंदरात आलेल्या जहाजांवरून सैनिकांना हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. ही तुकडी संयुक्त राष्ट्रांची नव्हती, युद्धबंदी कराराखाली आलेली होती. पण संमती नसली की साधं गावात शिरणंही किती अवघड होतं, ते यातून कळतं. सुएझच्या सेनेचा शेवट याहून बोलका आहे. मे १९६७ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी संमती काढून घेतली, तेव्हाचे महासचिव ऊ थांट यांनी सेना मागे घ्यायला सुरुवात केली आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात युद्ध पेटलं. निघायच्या तयारीत असलेले भारतीय शांतिसैनिक गाझात मारले गेले.

बंदोबस्त वेगळा, मोहीम वेगळी

सोरेगावच्या एसआरपी कॅम्पमधली कंपनी गड्डा यात्रेच्या बंदोबस्ताला उभी राहते, तेव्हा तिचं काम दिसण्याचं असतं. ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी असते आणि लोक तिला ओळखतात. गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढणारं सी-६० चं पथक जंगलात शिरतं तेव्हा सगळं उलटं असतं. ते न दिसता जातं, हेर आणि खबऱ्यांच्या माहितीवर चालतं, आणि समोर कोण शत्रू आहे हे आधीच ठरलेलं असतं. दोन्ही कामं पोलिसांचीच, पण एकाच्या साधनांनी दुसरं होत नाही. बंदोबस्ताच्या कंपनीला काठ्यांसकट जंगलात पाठवलं तर काय होईल, ते सांगायला नको. शांतिसेनेच्या बाबतीत जगानं साधारण तेच केलं.

याला कारण होतं, आणि ते कारण खोटं नव्हतं. १९९४ मध्ये रवांडात वंशसंहार सुरू असताना सुरक्षा परिषदेनं तिथली सेना २७० माणसांवर आणली. १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात शांतिसेनेची डच तुकडी हजर असताना सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. ‘आम्ही कुणाच्या बाजूचे नाही’ म्हणत उभं राहणं आणि खून होताना पाहत राहणं यातलं अंतर तेव्हा पुसलं गेलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेला पहिल्यांदा नागरिकांचं रक्षण करायचं काम ठरावात स्पष्ट लिहून मिळालं. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या मोहिमेत ते आलं.

कागदावर आलं, एवढंच. संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत तपासणी कार्यालयानं २०१४ मध्ये हिशोब मांडला. २०१० ते २०१३ या काळात नागरिकांवर हल्ल्याच्या ५०७ घटना नोंदल्या गेल्या होत्या, आणि मोहिमांनी तातडीनं हालचाल केली ती फक्त १०१ ठिकाणी. बळाचा वापर तर जवळजवळ कुठेच नव्हता. याचं कारण भित्रेपणा नव्हे, रचना आहे, आणि ती समजली की पुढचं बरंच काही आपोआप समजतं.

मोहीम उभी कशी राहते

सुरक्षा परिषदेत १५ सदस्य आहेत. ठराव पास व्हायला नऊ मतं लागतात आणि पाचपैकी एकाही कायम सदस्याचा नकाराधिकार आडवा येता कामा नये. ठरावात ‘मँडेट’ असतं, म्हणजे नेमकं काय करायचं, किती माणसांनी, कधीपर्यंत. यानंतर महासचिवांचं कार्यालय देशोदेशी फोन फिरवायला बसतं. कुणी पायदळाची बटालियन देऊ करतं, साधारण ८५० माणसांची. कुणी हेलिकॉप्टर देतं, कुणी इस्पितळ. मग पाहणी पथक जागा बघून येतं, करार होतो, निघण्याआधी सामानाची तपासणी होते आणि जहाज सुटतं. ठराव झाल्यापासून साध्या मोहिमेला ३० दिवस आणि गुंतागुंतीच्या मोहिमेला ९० दिवस लागावेत, असं संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या ब्राहिमी समितीनं २००० सालीच सुचवलं होतं. प्रत्यक्षात पूर्ण संख्या भरायला कित्येक महिने जातात, कधी वर्षही उलटतं.

पैशाचा हिशोब असा. संयुक्त राष्ट्रं प्रत्येक सैनिकामागे महिन्याला १,४०० डॉलरच्या वर काहीतरी रक्कम त्याच्या देशाला देतात. सैनिकाला नव्हे, देशाला. एका बटालियनचे महिन्याला साधारण १२ लाख डॉलर होतात. गाड्या आणि उपकरणांचं भाडं वेगळं. ते दोन प्रकारचं असतं. ‘वेट लीज’मध्ये गाडी देशाची आणि दुरुस्तीही त्याचीच. ‘ड्राय लीज’मध्ये गाडी देशाची, दुरुस्ती दुसऱ्या कुणाची. गाड्या चालू स्थितीत आहेत की नाहीत हे नियमित तपासलं जातं, आणि चालू गाड्यांचं प्रमाण ९० टक्क्यांखाली गेलं की भाडं कापलं जातं. म्हणून करारात टायर, रेडिओ, जनरेटर, स्वयंपाकघर, तंबू असं सगळं मोजलेलं असतं. मंगळवेढ्याच्या बाजारात ज्वारीचं पोतं मोजावं तसं.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. कागदावर सगळ्या तुकड्या मोहिमेच्या कमांडरच्या हाताखाली असतात. पण प्रत्येक तुकडीच्या खिशात आपल्या राजधानीनं घातलेल्या अटी असतात: रात्री गस्त घालायची नाही, अमुक जिल्ह्याबाहेर जायचं नाही, हल्ल्यात पुढे राहायचं नाही. हुकूम आला की तुकडीचा प्रमुख आधी घरी फोन लावतो. तिकडून ‘नको’ आलं की कमांडर काही करू शकत नाही, कारण त्यानं तक्रार केली तर तो देश तुकडीच परत नेईल. मँडेट लिहिणारे, पैसे देणारे आणि माणसं पाठवणारे हे तीन वेगळे गट आहेत. बिल मुख्यतः अमेरिका, चीन, जपान आणि युरोपीय देश भरतात, तर माणसं नेपाळ, रवांडा, बांगलादेश आणि भारतातून येतात. लिहिणाऱ्याचा मुलगा तिथे नसला की शाई सैल पडते.

कांगो: लढायची परवानगी मिळाली तेव्हा

नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-२३ या बंडखोर गटानं पूर्व कांगोतलं गोमा शहर घेतलं, तेव्हा शांतिसेना शहरातच होती. लाज एवढी वाटली की मार्च २०१३ मध्ये ठराव क्र. २०९८ आला आणि ‘इंटरव्हेन्शन ब्रिगेड’ उभी राहिली. त्यात टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावीचे तीन हजारांवर सैनिक होते, आणि काम होतं सशस्त्र गटांना ‘निष्प्रभ’ करायचं. ‘हा अपवाद आहे, पायंडा नव्हे’ असं वाक्यही ठरावात घातलं होतं. असं वाक्य लिहावं लागलं, तेव्हाच पायंडा पडला होता. ब्राझीलचे जनरल सांतोस क्रुझ यांच्या नेतृत्वाखाली ब्रिगेड कांगोच्या लष्कराच्या बाजूनं लढली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात एम-२३ हरला.

आंतरराष्ट्रीय कायद्यात शांतिसैनिकाला नागरिकासारखं संरक्षण असतं आणि त्याच्यावरचा हल्ला युद्धगुन्हा मानला जातो. पण तो स्वतः लढाईतला पक्ष झाला की हे संरक्षण सुटतं. ब्रिगेड लढत होती, पण त्याच मोहिमेत, त्याच निळ्या हेल्मेटखाली इतर देशांच्या तुकड्याही होत्या, त्यात भारतीयही. बंडखोर काही बिल्ले वाचून गोळी झाडत नाही. म्हणूनच सैन्य पाठवणाऱ्या देशांनी, भारतानंही, तेव्हा काळजी बोलून दाखवली होती.

पुढे काय झालं? २०२१ च्या अखेरीस एम-२३ परत उभा राहिला. या वेळी त्याच्यामागे रवांडाचं बळ असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं नोंदवलं. जानेवारी २०२५ च्या शेवटी गोमा पुन्हा पडलं, आणि फेब्रुवारीत बुकावू. मधल्या काळात लोकांचा विश्वासही गेला होता. जुलै २०२२ मध्ये मोहिमेविरुद्ध दंगली उसळल्या आणि बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे दोन भारतीय जवान मारले गेले. ‘इतकी वर्षं इथे बसून काय केलंत?’ हा प्रश्न खरा होता, आणि मोबाईलवरून पसरलेल्या खोट्या बातम्यांनी त्यात तेल ओतलं.

माली: शत्रू ठरावाला मोजतच नाही तेव्हा

मालीची मोहीम २०१३ ते २०२३ चालली. हा देश महाराष्ट्राच्या चौपट, आणि त्यासाठी तेरा हजारांच्या आसपास सैनिक. उत्तरेत अल-कायदा आणि पुढे इस्लामिक स्टेटशी जोडलेले गट होते. यांच्याशी संमतीचा प्रश्नच येत नव्हता. शांतता करार ज्या गटांशी झाला त्यात ते नव्हते, आणि त्यांना करार नकोच होता. कागदोपत्री दहशतवाद्यांशी लढायचं काम फ्रान्सच्या वेगळ्या सेनेकडे होतं. पण वाळवंटातल्या माणसाला एक गोरा शिपाई आणि दुसरा निळा शिपाई, यात फरक कसा कळावा?

मारेकरी रस्त्यात पुरलेला स्फोटक होता. धान्य, पाणी, डिझेल सगळं ताफ्यातून जायचं, आणि रस्ते मोजकेच. गाओ ते किदाल म्हणजे अंतर सोलापूर-हैदराबादपेक्षा थोडं जास्त, पण मोठा भाग कच्चा. पुढे सुरुंग शोधणारी माणसं चालणार आणि मागून गाड्या सरकणार, म्हणून एकेका फेरीला दिवसचे दिवस लागायचे. ज्या तळांनी लोकांचं रक्षण करायचं, त्यांची निम्मी ताकद स्वतःला रसद पोचवण्यात खर्च व्हायची. सुरुंगरोधक गाड्या महाग, आणि कित्येक तुकड्या त्यांच्याविना आल्या होत्या.

जखमींसाठी ‘१०-१-२’ असा नियम आहे: दहा मिनिटांत प्रथमोपचार, तासाभरात प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया. हे जमायचं तर रात्री उडू शकणारं हेलिकॉप्टर हवं, सरकारची उड्डाणाला परवानगी हवी आणि जवळ शस्त्रक्रियेची सोय हवी. यातलं एक चुकलं की माणूस जातो. जखमी दूर इस्पितळात पोचेपर्यंत वाट पाहू नये, शल्यगृहच आघाडीजवळ न्यावं, ही गोष्ट डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये काम करत होते त्या काळापासून युद्धवैद्यकात मुरलेली आहे. त्यामुळे सोलापूरकराला हा नियम वेगळा समजावायची गरज नाही.

मोहिमेच्या दहा वर्षांत तीनशेहून अधिक शांतिसैनिक गेले, निम्म्याहून जास्त हल्ल्यांत. १६ जून २०२३ रोजी मालीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं, विलंब न करता निघा. लष्करी सरकारनं तोवर रशियाच्या वॅग्नर या भाडोत्री सैनिकांच्या गटाला जवळ केलं होतं. ३० जूनला मोहीम संपवण्याचा ठराव झाला. निघणंही सरळ नव्हतं. उड्डाणाच्या परवानग्या अडल्या, आणि जे सामान नेता येईना ते जागेवरच नष्ट करावं लागलं. ऑक्टोबरअखेर किदालहून शंभराहून अधिक गाड्यांचा शेवटचा ताफा निघाला. त्याला गाओला पोचायला आठवड्याहून जास्त काळ लागला, आणि वाटेतल्या स्फोटांत तीसहून अधिक सैनिक जखमी झाले. वॅग्नर आल्यानं प्रश्न सुटला का? २०२५ च्या सप्टेंबरपासून जिहादी गटांनी राजधानी बामाकोचं इंधनच अडवून धरलं.

इथे ‘स्थिरीकरण’ या शब्दाबद्दल बोललं पाहिजे. माली, कांगो, मध्य आफ्रिका, तिन्ही मोहिमांच्या नावात तो आहे. ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण त्याचा व्यवहारातला अर्थ सरकारची सत्ता परत बसवणं असा होतो. आणि सरकारच अत्याचारी असेल तर? शिपाई आला म्हणजे शांतता आली, हे समीकरण निदान सोलापुरात कुणी डोळे मिटून मानणार नाही. मे १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांची फाशी या गावाच्या चौकात उभी आहे. बाजू न घेण्याचा नियम मोडला की लोकांच्या नजरेत निळं हेल्मेट त्या सरकारचंच होतं. होझे रामोस-होर्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१५ मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की दहशतवादविरोधी लष्करी कारवाई हे शांतिसेनेचं काम नाही. तिची रचना, साधनं आणि प्रशिक्षण त्यासाठी नाहीत. अहवाल वाचला सगळ्यांनी.

आता कामाची वाटणी

सध्याची दिशा अशी आहे: लढाई दुसऱ्यांनी करायची, आणि संयुक्त राष्ट्रांनी डबा, डिझेल, दवाखाना आणि कायद्याची मोहोर पुरवायची. सोमालियात हे २००७ पासून चालू आहे. अल-शबाब या जिहादी गटाशी लढते ती आफ्रिकन युनियनची सेना. तिचं नाव दोनदा बदललं, जानेवारी २०२५ पासून ‘औसोम’. रसद संयुक्त राष्ट्रांचं वेगळं कार्यालय पुरवतं, आणि सैनिकांचा भत्ता बराच काळ युरोपीय संघ देत होता. ही सेना हजारोंनी मेली, पण तिनं राजधानी मोगादिशू राखली. अडचण एकच, पैसे दरवर्षी मागावे लागतात. डिसेंबर २०२३ च्या ठराव क्र. २७१९ नं अशा आफ्रिकी मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतून देण्याची वाट उघडली. सोमालियासाठी ती लागू करायला अमेरिकेनं नकार दिला, आणि वाट तशीच पडून आहे.

हैतीत आणखी वेगळं. शत्रू जिहादी नाहीत, शहरी टोळ्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये केनियाच्या नेतृत्वाखाली पोलीस दलाला परवानगी मिळाली. ठरलं होतं अडीच हजारांचं, जमले जेमतेम हजार, कारण खर्च ऐच्छिक देणग्यांवर होता. मग ३० सप्टेंबर २०२५ रोजी ते बदलून ५,५०० जणांचं ‘टोळीविरोधी दल’ ठरलं आणि रसदीसाठी संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय. नोव्हेंबर २०२५ मध्ये गाझासाठी परवानगी दिलेली आंतरराष्ट्रीय सेनाही निळ्या हेल्मेटची नाही. नाव, हुकूम आणि तिजोरी, सगळं वेगळं.

खुद्द निळ्या हेल्मेटची तिजोरी रिकामी होतेय. २०२५-२६ चं शांतिसेनेचं अंदाजपत्रक सुमारे ५.४ अब्ज डॉलरचं. अमेरिकेचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त येतो, पण तिच्या स्वतःच्या १९९४ च्या कायद्यानं २५ ची मर्यादा घातली आहे, त्यामुळे फरक थकत जातो. आणि अलीकडे तर मूळ रक्कमही येईना. चीन दुसरा मोठा देणेकरी, पण त्याचेही पैसे उशिरा येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं की नऊ मोहिमांमधले चौथा हिस्सा शांतिसैनिक, म्हणजे १३ ते १४ हजार, परत पाठवावे लागतील. थकबाकीचा फटका शेवटी सैन्य देणाऱ्या देशांना बसतो, कारण त्यांच्या भाड्याची रक्कम अडकते.

धोकाही बदलला. २०१३ च्या डिसेंबरात गोमाहून शांतिसेनेचं पहिलं टेहळणी ड्रोन उडालं तेव्हा ते फक्त तिच्याकडे होतं. आता ते सगळ्यांकडे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सुदानच्या कादुगलीतल्या तळावर ड्रोन पडलं आणि सहा बांगलादेशी शांतिसैनिक मेले. मातीच्या पोत्यांच्या भिंती वरून येणाऱ्या वस्तूपुढे निरुपयोगी असतात. ड्रोन जाम करणारी यंत्रं हवीत, तर यजमान सरकार म्हणतं की रेडिओ लहरींवर आमचा हक्क आहे. पुन्हा संमतीच.

भारताचा यात हिशोब मोठा आहे. आजवर २ लाख ९० हजारांहून अधिक भारतीय सैनिक पन्नासच्या आसपास मोहिमांत गेले, आणि सुमारे १८० परतले नाहीत, कुठल्याही देशापेक्षा जास्त. २००७ मध्ये लायबेरियात गेलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची तुकडी ही जगातली पहिली सर्व-महिला पोलीस तुकडी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये परिषदेचं अध्यक्षपद असताना भारतानं ठराव क्र. २५८९ आणला: शांतिसैनिकांना मारणाऱ्यांवर खटले चालवा आणि त्याची नोंद ठेवा. खटला चालवायचा तो यजमान देशाच्या पोलिसांनी आणि न्यायालयानं. बुटेम्बोसारख्या ठिकाणी साक्षीदार कोण उभा राहणार, हा भाग ठरावात लिहिता येत नाही.

पुढची मोठी घडामोड लेबनॉनची. तिथली मोहीम १९७८ पासून आहे, आणि सुमारे ९०० भारतीय सैनिक तिथे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये परिषदेनं शेवटची मुदत दिली: काम ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, मग वर्षभरात आवराआवर. त्या वर्षात ठाणी लेबनॉनच्या लष्कराच्या ताब्यात द्यायची, जनरेटर आणि गाड्या कंटेनरमध्ये भरायच्या, डिझेल सांडलेली माती साफ करून जमीन मालकाला परत करायची, आणि प्रत्येक वस्तूची पावती घ्यायची. लेबनॉन आणि इस्रायलमधल्या १२० किलोमीटरच्या ‘निळ्या रेषे’वर त्यानंतर कोण उभं राहणार, याचा ठराव अजून झालेला नाही.